पूल अर्धा त्यांचा, अर्धा आमचा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना ट्रकवाले 'नाहीबाई' म्हणतात, हे मला या घरात आल्यावर वर्षाच्या आतच कळलं. नवा फ्रिज घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने दारात विचारलं, "नाहीबाईंचं घर हेच ना?" मी गोंधळले. जाऊबाई आतून म्हणाल्या, "हो, हेच." आढेवेढे न घेता त्यांनी दिलेला होकार मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

फ्रिज जिन्याने वर न्यायचा होता. टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार तो उचलायला वाकले, तोच जाऊबाईंनी त्यांना थांबवलं. जिन्याच्या वळणावर उभं राहून त्यांनी वितीने कठड्यापासूनचं अंतर मोजलं, मग फ्रिज मोजला आणि म्हणाल्या, "दार काढा, पाठ भिंतीकडे करा, मग चढवा." टेम्पोवाला पुटपुटला, "घरातही परवाना लागतो वाटतं." पण फ्रिज कुठेही न घासता वर गेला.

त्यांचं कामच ते होतं. रस्त्यावरून नेहमीच्या ट्रकपेक्षा रुंद, लांब, उंच किंवा जड असं काही न्यायचं असलं की आधी परवाना काढावा लागतो. आमच्या प्रांतात तो जाऊबाईंच्या सहीने निघायचा. त्या पुलांच्या इंजिनिअर. कचेरीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. एक भिंत भरून नकाशा आणि त्यावर प्रत्येक पुलाला एक टाचणी. हिरवी टाचणी म्हणजे जा, पिवळी म्हणजे विचारून जा, लाल म्हणजे विचारूही नका. समोरच्या खुर्चीचा एक पाय जरा आखूड होता. मी एकदा म्हटलं, दुरुस्त करून घ्या की. तर म्हणाल्या, "मग लोक फार वेळ बसतील."

हा नन्नाचा पाढा त्या उगाच म्हणत नव्हत्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी ओढ्यावरची एक मोरी, म्हणजे लहानसा पूल, खचलेली पाहिली होती. कोणीतरी वजन लपवून ट्रक नेला आणि मोरी मधोमध बसली. माणूस दगावला नाही, पण पलीकडच्या वस्तीचा रस्ता सगळा पावसाळा तुटला. तिथल्या बाया आजारी माणसांना खुर्चीत बसवून ओढ्यातून आणत होत्या. जाऊबाई ते सांगताना कधी आवाज चढवत नसत. एवढंच म्हणत, "ट्रक निघून जातो गं. पूल तिथेच राहतो, आणि पुलावर अवलंबून असलेली माणसंही."

आता त्यांचा हात कसा मोडला ते सांगते, कारण तिथूनच मी या गोष्टीत आले. आमच्या सासूबाईंना भांड्यांचा सोस. स्वयंपाकघराच्या माळ्यावर त्यांनी इतकी भांडी चढवली होती की जाऊबाईंना जेवतानाही वर बघितल्याशिवाय राहवत नसे. "आई, ती फळी वाकली आहे," त्या म्हणायच्या. "फळी माझ्या लग्नातली आहे, ती नाही वाकत," असं सासूबाईंचं उत्तर. एका रविवारी जाऊबाई फूटपट्टी घेऊन स्टुलावर चढल्या. स्टूल सटकलं. सासूबाई धावत आल्या, आधी त्यांना उठवलं, पाणी दिलं, आणि मग वर बघून म्हणाल्या, "फळी जागच्या जागी आहे. हिचाच हात मोडला."

उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. कचेरी त्यांना चुकवायची नव्हती आणि गाडी चालवता येईना. मोठे भाऊजी कामानिमित्त बाहेरगावीच जास्त असतात. मी घरी शिवणकाम करते, वेळ माझ्या हातात, आणि गाडीचा परवाना मला नुकताच मिळाला होता. तेव्हा सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं की धाकटी थोरलीला नेईल-आणेल.

पहिले काही दिवस दोघींचीही परीक्षाच होती. सकाळी मी त्यांची वेणी घालायची, तर त्या आरशातून मला पेड कसे पाडायचे ते सांगायच्या. गाडीत बसल्या की माझ्यापेक्षा त्याच जास्त ब्रेक दाबायच्या. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता ही गोष्ट वेगळी. "पुढे वळण आहे," त्या म्हणायच्या. "दिसतंय मला," मी म्हणायची. "दिसणं वेगळं आणि वेग कमी करणं वेगळं."

तर अशा दिवसांत एका दुपारी मी त्यांच्या खोलीत बसले होते आणि एक कंत्राटदार आला. अवजड सामान वाहून नेण्याचा त्याचा धंदा. माणूस अंगाने दणकट, पण चेहरा पार उतरलेला. तो आखूड पायाच्या खुर्चीवर बसला आणि खुर्ची डुगडुगली तरी हलला नाही.

"बाई, मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "मला फक्त एक सांगा. ट्रक कुठे उभा करू?"

त्याच्या ट्रेलरवर आमच्या प्रांतातल्या कागद गिरणीचा सिलिंडर होता. ओला कागद ज्याच्यावरून फिरून वाळतो तो लोखंडी पिंप, एखाद्या खोलीएवढा. जुना तडकला होता, आणि तो नसल्यामुळे गिरणीचं निम्मं काम बंद होतं. नवा सिलिंडर शेजारच्या प्रांतात तयार झाला, नदीपर्यंत आला, आणि तिथेच अडकला. नदीवर पूल एकच. त्याचा पलीकडचा अर्धा भाग त्यांच्या प्रांताच्या ताब्यात, अलीकडचा आमच्या. त्यांचा परवाना मिळेपर्यंत आमच्या परवान्याची मुदत संपायची. आमचा पुन्हा काढावा तर त्यांचा संपलेला असायचा.

"तुम्ही म्हणता ट्रेलरला चाकांच्या रांगा वाढवा, म्हणजे वजन पसरेल," कंत्राटदार म्हणाला. "रांगा वाढवल्या की ट्रेलर लांब होतो. ते म्हणतात, एवढा लांब चालणार नाही. त्यांच्याकडे अवजड माल फक्त दिवसा. तुमच्याकडे त्या रस्त्यावर फक्त रात्री. म्हणजे दिवसा पुलावर चढायचं आणि मध्यावर पोचलं की रात्र व्हायला हवी. ती कोण करणार?"

मला हसू आलं. जाऊबाई हसल्या नाहीत. नकाशाकडे बघत म्हणाल्या, "पलीकडच्या साहेबांशी बोललात?"

"त्यांच्याशी बोलून आलो, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

पलीकडचे साहेब म्हणजे नदीपल्याडच्या प्रांतात जाऊबाईंचंच काम करणारे अधिकारी. या दोघांची तोंडओळखसुद्धा नव्हती, पण फोनवरची लढाई वर्षानुवर्षं चालू होती. ते फोनवर ओरडतात असं जाऊबाईंचं म्हणणं. घरी त्या त्यांना 'तो खडूस' म्हणायच्या. पुढे कळलं की पलीकडे जाऊबाईंचाही उल्लेख काही फार आदराने होत नसे. एकमेकांना लिहिताना मात्र 'आपल्या मताचा पूर्ण आदर राखून' अशी सुरुवात, आणि खाली साफ नकार.

"उद्या मी जागेवर येते," जाऊबाई म्हणाल्या. "सिलिंडर बघू दे आधी."

दुसऱ्या दिवशी आम्ही पूल ओलांडून पलीकडे गेलो. नदीच्या काठाला ट्रक उभे करण्याचं मोठं मोकळं आवार होतं, आणि त्याच्या कोपऱ्यात तो ट्रेलर. इतकी चाकं मी एका गाडीला कधी पाहिली नव्हती. ड्रायव्हर आणि त्याचा मेहुणा असे दोघे तिथेच मुक्कामाला होते. ट्रेलरच्या साखळीवर त्यांचे कपडे वाळत होते. सिलिंडरच्या सावलीत डबा कापून केलेल्या कुंडीत टोमॅटोचं झाड होतं आणि त्याला चांगले टोमॅटो लागलेले होते.

"हे तुम्ही लावलंत?" जाऊबाईंनी विचारलं.

"आलो तेव्हा बी टाकलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "म्हटलं, रोप येईपर्यंत निघून जाऊ."

 त्या झाडाकडे जाऊबाईंनी जरा जास्तच वेळ पाहिलं.

तेवढ्यात आवारात आणखी एक गाडी शिरली. तिच्यातून बारकेसे, टोपी घातलेले, हातात जेवणाचा डबा असलेले गृहस्थ उतरले. कंत्राटदार एकदम माझ्या मागे सरकला. त्याने त्यांनाही त्याच वेळी बोलावलं होतं आणि दोघांनाही एकमेकांबद्दल सांगितलं नव्हतं.

"आपण कोण?" त्या गृहस्थांनी खणखणीत आवाजात विचारलं. आवारातली कुत्री उठून बसली.

जाऊबाईंनी आवाज ओळखला. "ज्यांच्या मताचा आपण पूर्ण आदर राखता, ती मी."

त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. "जरा मोठ्याने बोला बाई. डावा कान गेलाय माझा. उमेदीची वर्षं खडी फोडायच्या यंत्राशेजारी गेली."

जाऊबाईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं ज्या आवाजाचा राग केला, तो आवाज त्यांच्यावर चढलेलाच नव्हता. त्या दोन पावलं चालून त्यांच्या उजव्या बाजूला गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही माझ्यावर ओरडता."

"मलाही वाटायचं तुम्ही मुद्दाम हळू बोलता," साहेब म्हणाले.

ट्रेलरच्या सावलीत ड्रायव्हरच्या मेहुण्याने सतरंजी टाकली, चहा केला, आणि दोघं समोरासमोर बसले. पहिला तासभर नुसती वादावादी झाली. साहेब वजन बघत ते सगळ्या ट्रकचं एकत्र. जाऊबाई बघत चाकांच्या एकेका रांगेवर किती भार येतो ते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि कोणी माघार घेईना. मी टाका घालत बसले होते, कंत्राटदार नखं खात होता.

मग साहेब म्हणाले, "तुम्ही आमच्या अर्ध्या पुलाला लाल टाचणी लावली आहे असं ऐकतो. का?"

"तुमच्या बाजूची बेअरिंगं म्हातारी झाली आहेत." मग माझ्याकडे वळून त्यांनी फोड करून सांगितलं, "पुलाची तुळई खांबावर जिथे टेकते ना, तिथे रबराच्या जाड गाद्या असतात, त्या."

"त्या आम्ही बदलल्या," साहेब म्हणाले. "सगळ्या. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात."

"मला कोणी कळवलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

जाऊबाई उठल्या. "दाखवा."

पुलाखाली जायला खडकातून उतरणारी पायवाट होती. एक हात प्लॅस्टरमध्ये, आणि तरी बाई उतरायला निघाल्या. मी पुढे झाले. त्यांनी आधी माझा हात झिडकारला, दोन पावलं घसरल्या, आणि मग मुकाट्याने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. आम्ही दोघी अशा खांबापर्यंत गेलो. वर जायला लोखंडी शिडी होती. ती मात्र त्या एका हाताने चढल्या, मी खालून टाचा धरलेल्या. वरच्या फटीत टॉर्च मारून त्यांनी एकेक गादी पाहिली. खाली उतरल्यावर अंगावर धूळच धूळ.

"काम चांगलं झालंय," त्या म्हणाल्या.

"मीच उभं राहून करून घेतलं," साहेब म्हणाले.

तिथे खांबाच्या सावलीत जाऊबाई अंगावरची धूळ झटकत उभ्या राहिल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि ते जड जात होतं, हे मला कळत होतं. घरातली उणीव परक्यापुढे काढावी लागते तेव्हा माणूस असाच दिसतो.

"आमच्या बाजूला उतरतानाचा सांधा आहे," त्या म्हणाल्या. "पुलाचे दोन तुकडे जुळतात तिथली लोखंडी पट्टी. ती सैल झाली आहे. आम्ही तात्पुरती बसवली आहे. तुमच्या परवान्याप्रमाणे ट्रक उजव्या कडेने गेला असता, तर चाकं नेमकी त्या पट्टीवरून गेली असती."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग उजव्या कडेने नको. मधोमध. आणि चाकांच्या रांगा वाढवायच्या, तुम्ही म्हणता तशा."

"लांबीचं काय?"

"लांबी मला नको असते ती पुलाआधीच्या वळणामुळे. ते वळण मी मोजून घेतो. वळत असेल तर माझी हरकत नाही."

परत येताना पूल ओलांडून मी मोठ्या रस्त्याला लागले, तर शेजारून एकही सूचना येईना. वळण आलं, गेलं. बघते तर जाऊबाई झोपल्या होत्या. मी रेडिओसुद्धा लावला नाही.

पुढचे आठवडे आमच्या घरात त्या पुलाशिवाय विषय नव्हता. जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजूंचे आकडे पसरलेले. आमच्या अर्ध्याचे आकडे साहेब तपासत होते आणि त्यांच्या अर्ध्याचे जाऊबाई. रोज संध्याकाळी फोन. साहेबांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. एकदा सासूबाईंनी फोडणी देता देता इथूनच त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं. "अहो, ती डाव्या हाताने लिहितेय, जरा सावकाश सांगा."

"कोण बोलतंय?" पलीकडून आलं.

"सासू."

"नमस्कार," साहेब म्हणाले, आणि खरोखर सावकाश सांगू लागले.

खरी अडचण कचेरीत होती. जाऊबाईंच्या वरचे मोठे साहेब काही वाईट नव्हते, पण सावध होते. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला, आणि विचारलं, "तुम्ही त्यांचे आकडे मान्य करून सही करणार. त्यांच्या अर्ध्यावर काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी," जाऊबाई म्हणाल्या. "आणि आपल्या अर्ध्यावर काही झालं तर पलीकडचे साहेब. त्यांची सहीसुद्धा आहे त्यावर."

"आजवर असं कधी केलेलं नाही."

"म्हणून तर ट्रक अजून तिथे आहे. साहेब, माझ्या नकाशावर त्यांचा अर्धा लाल होता आणि तो चुकीचा लाल होता. त्यांच्या नकाशावर आपला अर्धा हिरवा होता आणि तो चुकीचा हिरवा होता. ट्रक काही मध्यावर थांबून विचारत नाही, हा अर्धा कोणाचा."

मोठ्या साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहणार असाल तर," ते म्हणाले.

"उभी राहणारच होते."

दिवसा की रात्री या भांडणावर तोडगा पलीकडच्या साहेबांनी काढला. अगदी उजाडताना निघायचं. त्यांच्या नियमाने तो दिवस, आणि आमच्या नियमाने रस्त्यावर गर्दी सुरू होईपर्यंत रात्रच.

ठरल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा नदीवर धुकं होतं. दोन्ही टोकांना पोलिसांनी वाहनं थांबवली होती. पुलाखाली दोन्ही अर्ध्यांना मापयंत्रं लावली होती. घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यात एक काटा. पूल भाराने किती वाकतो ते तो काटा दाखवतो. त्यांच्या अर्ध्याखालची तबकडी वाचायला जाऊबाई उभ्या राहिल्या, आणि आमच्या अर्ध्याखालची वाचायला साहेब. हे दोघांनी आपसात ठरवलं होतं. ज्याचे आकडे तपासले, त्याच्याच खाली उभं राहायचं. दुर्बीण मला दिली होती, म्हणजे काठावरून तबकडीचा काटा मलाही दिसावा. खरं तर कामाची नव्हते मी, पण तिथून हलायची माझी तयारी नव्हती.

ट्रेलर पुलावर चढला. मी समजत होते, मोठा आवाज होईल. तसं काहीच नाही. एखादा म्हातारा हत्ती चालावा तसा तो आला. ड्रायव्हरचा मेहुणा पुढे पायी चालत होता, रस्त्यावर मारलेल्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवून. जाऊबाई खालून काट्याचे आकडे सांगत होत्या, साहेब दुसऱ्या टोकाखालून सांगत होते. त्यांना फोनची गरजच नव्हती. नदीच्या दोन्ही काठांना ते ऐकू येत होते.

आणि मध्यावर पोचून ट्रेलर थांबला.

पुढची चाकं आमच्या अर्ध्यावर, मागची त्यांच्या. फुस्स असा आवाज आला. मेहुणा धावत मागे गेला. चाकांच्या एका रांगेचा हवेचा पाइप फाटला होता आणि त्या रांगेचे ब्रेक घट्ट बसले होते. कंत्राटदाराचा चेहरा पांढराफटक पडला. तो कठड्यावरून वाकून खाली ओरडला, "ओढून नेऊ का तसाच? ओढतो बाई, जाईल तो."

"ओढायचा नाही," जाऊबाई खालून म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, कचेरीत बोलतात तसा. "आहे तिथे उभा राहू दे."

"पण इतका वेळ उभं राहायचं तुम्ही धरलं होतं का?"

"नव्हतं धरलं. आता धरते."

त्यांनी खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हाताने हिशेब मांडला. मी दुर्बिणीतून त्यांच्याकडेच बघत होते. डोक्यावर त्या पिंपाचं, ट्रेलरचं, सगळ्याचं वजन, आणि बाई पेन्सिलीने आकडे लिहीत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"साहेब, तुमच्याकडचा काटा?"

"स्थिर आहे. सरकत नाही."

"इकडचाही. उभ्या वजनाला हादरे नसतात. काटा जागेवर आहे तोवर पूल जागेवर आहे. माझ्या हिशेबाने निवांत काम करा. तुमचा हिशेब काय म्हणतो?"

साहेबांना थोडा वेळ लागला. "तेच म्हणतो," दुसऱ्या टोकाकडून आलं.

मग जाऊबाईंनी जे केलं ते मी अजून लोकांना सांगते. त्यांनी तबकडीपाशी मदतनिसाला उभं केलं, वर आल्या, आणि पुलावर चालत मध्यापर्यंत गेल्या. ड्रायव्हर केबिनमध्ये चाक घट्ट धरून बसला होता, बोटं पांढरी पडलेली. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला नंतर ड्रायव्हरनेच सांगितलं.

"हात सोडा जरा चाकावरून," त्या म्हणाल्या होत्या. "पळून नाही जायचा तो. तुमच्या टोमॅटोचं झाड कुठे आहे?"

"सीटमागे."

"सांडलं नाही ना?"

"नाही बाई."

"मग गाडी सरळ आहे. पाइप बदलून होईपर्यंत मी इथेच आहे."

साहेबही तसंच मदतनिसाला काट्यापाशी ठेवून आमच्या टोकाकडून चालत आले आणि सांध्यापाशी उभे राहिले. खाली पाणी, वर ते दोघं, मधे तो भला मोठा सिलिंडर. मेहुण्याने आणि कंत्राटदाराच्या माणसाने मिळून पाइप बदलला. कंत्राटदार स्वतः पाने पुरवत होता आणि प्रत्येक पान्याला "बाई, झालंच" म्हणत होता. ते झाल्यावर हवा भरली, ब्रेक सुटले, ट्रेलर पुन्हा सावकाश हलला आणि सैल पट्टीला न शिवता मधोमध आमच्या काठावर उतरला. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. पोलिसाने दोरी सोडली आणि थांबलेल्या गाड्या निघाल्या. जाऊबाई खाली जाऊन पुन्हा एकदा काटा बघून आल्या. तो होता तिथे परत आला होता.

"पूल उठून उभा राहिला," साहेब म्हणाले, आणि डबा उघडून त्यांनी आम्हा सगळ्यांना खायला दिलं.

एका ट्रकने प्रांत एक होत नाहीत. ही गोष्ट इथे संपवली तर जाऊबाई मला फटकारतील, कारण त्यांच्या मते खरं काम त्यानंतरच होतं. दोन्ही प्रांतांनी मिळून एकच अर्ज, एकच परवाना आणि एकच मुदत ठेवावी, असं दोघांनी लिहून दिलं. मग बैठका सुरू झाल्या. पुलांची माहिती एकमेकांना द्यायची, हे लवकर ठरलं. लांबी कशी मोजायची, हेही ठरलं. घोडं पेंड खात होतं ते अवजड गाडीवर लावायच्या निशाणांच्या रंगापाशी. आमच्याकडे लाल, त्यांच्याकडे केशरी. दोन्ही प्रांतांकडे गोदामं भरून निशाणं शिल्लक. प्लॅस्टर निघालं होतं, तरी त्या बैठकांना मीच जाऊबाईंना घेऊन जायची, आणि बाहेर बाकावर बसून तीन झबली आणि एक परकर शिवून पूर्ण केला. शेवटी एक दिवस जाऊबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला केशरी."

"हे कोणाला सुचलं?"

"कोणाला सुचलं नाही. सगळे दमले."

पुढे आणखी दोन शेजारी प्रांत या व्यवस्थेत आले. एक अजूनही आलेला नाही. त्यांचं म्हणणं, आमचे पूल आमचे आम्ही बघू. जाऊबाई त्यांच्यावर चिडत नाहीत. त्यांना दर महिन्याला आमच्या पुलांची ताजी माहिती न मागता पाठवतात. "आज ना उद्या त्यांचाही एखादा ट्रक अडेल," म्हणतात, "तेव्हा निदान आपला नंबर हाताशी असू दे."

कागद गिरणी पूर्ण चालू झाली. गिरणीवाल्यांनी जाऊबाईंना सत्काराला बोलावलं. त्या गेल्या, पण हार घेण्याआधी मंचाखाली वाकून बघितलं की टेकू नीट आहेत की नाही. आता चारही प्रांतांचा मिळून एक परवाना कक्ष आहे आणि त्या त्याच्या प्रमुख आहेत. नकाशा मोठा झाला, भिंत पुरेना, म्हणून कोपऱ्यावरून वळवून लावला आहे. नाही म्हणणं काही सुटलेलं नाही. पण आता नाही म्हटलं की त्याच वाक्यात, कसं केलं तर हो, हेही सांगतात. त्यामुळे ट्रकवाल्यांची त्यांच्या टोपणनावाबाबत पंचाईत झाली आहे.

पलीकडचे साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाला आम्ही दोघी गेलो होतो. त्यांच्या पत्नी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ते घरी तुमच्या जाऊबाईंना काय म्हणायचे ते सांगू का?" मी म्हटलं, सांगा. त्यांनी सांगितलं, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. ते इथे लिहीत नाही, कारण जाऊबाई हे वाचतील.

त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली आहे, पुलांचीच इंजिनिअर. तिचा पहिला फोन आला तेव्हा मी खोलीत होते, आणि जाऊबाईंनी तो स्पीकरवर टाकला होता, साहेबांच्या वेळची सवय.

"मॅडम, नमस्कार," ती म्हणाली.  "मला इथे सगळ्यांनी सांगितलंय की तुम्हाला घाबरून राहायचं."

"कोणी सांगितलं?"

"आधीच्या साहेबांनी पण."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"घाबरायचं ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी मला सांग, तुमच्याकडच्या घाटातल्या पुलाखाली तू स्वतः उतरली आहेस का?"

"अजून नाही, मॅडम."

"मग बुधवारी ये. मीही येते. बूट घालून ये, तिथे निसरडं आहे."